आवडीने इंजिन निववलं

"माझ्या इंजिनाला मीठ पाजलंस!" धक्क्यावर उभे राहून राजेसाहेब ओरडले.

शिरंबे संस्थानात लाँच एकच, ती राजेसाहेबांची. ती चालवणाराही एकच, बाबल तारी. तो बिचारा तेलकट हातांनी इंजिनाच्या नळीतून मिठाचे खडे उकरत होता. तापलेलं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं आणि लाँच वल्ही मारत आणावी लागली होती. एक वल्हं खुद्द राजेसाहेबांनी मारलं होतं. खरा राग त्याचाच होता!

"सरकार, इंजिन गार ठेवायला पाणी लागतं," बाबल म्हणाला. "पंप ते समुद्रातून ओढतो. आता समुद्रात खाऱ्याशिवाय काय मिळणार?"

"ते मला सांगू नकोस! मिरगाआधी राणीसाहेबांना माहेरी पोचवायचंय. इंजिनाच्या पोटात खाऱ्या पाण्याचा थेंब जाता कामा नये!"

"मग गोड्या पाण्याची पिंपं चढवतो."

"आणि राणीसाहेबांच्या ट्रंका कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर? पिंपं नकोत, खारं पाणी नको, आणि इंजिन तापायलाही नको! नाही जमलं तर तू चाललास समुद्रातल्या किल्ल्यावर, दिवा लावायला. पावसाळाभर!"

पावसाळ्यात त्या किल्ल्यावर होडी जात नाही. गेलेला माणूस दाढी वाढवून थेट दिवाळीला घरी येतो. आणि बाबलची लेक तर आत्ता कुठे बसायला लागली होती!

घरी त्याची बायको आवडी लेकीची पेज निववत बसली होती. परातीत पाणी, पाण्यात पेजेची वाटी. वाटी गोल गोल फिरवायची, बोट बुडवून बघायचं, पुन्हा फिरवायची. पोरीचं तोंड भाजेल या धास्तीनं तिनं तेच चालवलं होतं. बाबलनं सगळं सांगितलं.

"म्हणजे हिला दात येतील तेव्हा तुम्ही किल्ल्यावर? आणि ही बाबा म्हणेल ते कुणाला, मांजराला?"

"मी काय करू गो! तू आधी ते परातीतलं पाणी बघ. खाडीचं आणलंस ना?"

"मग? विहीर तळाला गेलीय. गोडं पाणी प्यायचं की त्यात वाटी ठेवायची?"

"अगो, पण पेज खारट होईल!"

"कशी होईल? वाटीला काय भोक आहे?"

एवढं बोलली आणि आवडीचा हात थांबला. तिनं वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या इंजिनाला वाटी नाही का हो देता येणार?"

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन ती राजवाड्यात उभी!

"सरकार, तुमच्या बागेतल्या कारंज्याची तांब्याची नळी हवी."

"माझं कारंजं मोडतेस?"

"ते उडत तर नाहीच, सरकार. कावळे बसतात नुसते."

"बरं, ने! पण करणार काय ते तरी सांग!"

"पेज निवल्याशिवाय तोंडाला लावू नये, सरकार," असं म्हणून ती नळी घेऊन गेलीसुद्धा.

तांबटानं नळी वाकवून दिली. बाबलनं ती लाँचच्या तळाला बाहेरून बसवली आणि तिची दोन्ही टोकं इंजिनाला जोडली. विहिरीतून जेमतेम निघालेलं कळशीभर पाणी आत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

प्रवासाच्या दिवशी राणीसाहेब बसल्या, ट्रंका बसल्या, राजेसाहेबांच्या हट्टानं आवडी आणि लेकही बसली. राजेसाहेब घडीघडी इंजिनाला हात लावून बघत होते. इंजिन आपलं गुरगुरत राहिलं, पण एकदाही तापलं नाही! राणीसाहेबांच्या माहेरचा धक्का आला.

"आतलं पाणी काढ!" राजेसाहेबांनी हुकूम सोडला.

बाबलनं तोटी सोडून पेला भरला. राजेसाहेबांनी फुंकर मारून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"तेलकट! पण... खारट नाही! हे आलं कुठून?"

"घरून, सरकार," आवडी म्हणाली. "कळशीभर पाणी तेच तेच फिरतंय. पंप आता समुद्राला तोंड लावत नाही. इंजिनात पाणी तापतं, तळाच्या नळीत जातं, समुद्र नळीला बाहेरून गार करतो, आणि पाणी निवून परत येतं."

"म्हणजे शिळं पाणी!"

"इंजिन नावं ठेवत नाही, सरकार. राजवाड्यात वाढलेलं नाही ते."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. राजेसाहेब आणखी चिडले.

"आणि त्या नळीला शिंपले चिकटतील, मीठ खाईल तिला! तेव्हा?"

"बाहेरून चिकटलेलं काथ्यानं घासता येतं, सरकार. मीठ पोटात साचलं, तर घासायला आत कोण शिरणार?"

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग एकदम बोट उगारलं.

"तरी तू हरलीस! इंजिन गार कुणी केलं? समुद्रानं! समुद्राचं पाणी कसं? खारं! म्हणजे खारं पाणी वापरलंसच! बाबल, सामान बांध!"

बाबलचा चेहरा पडला. आवडीनं लेकीला घट्ट धरलं. तिची नजर राजेसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे गेली.

"सरकार, शिरंब्याहून इथवर तुम्हाला कुणी आणलं?"

"कुणी म्हणजे? समुद्रानंच की!"

"मग तुमचं धोतर कोरडं कसं?"

राजेसाहेबांनी खाली पाहिलं. धोतर चाचपलं. मागूनही चाचपलं!

आणि असे हसले, असे हसले की धक्क्यावरचे बगळे उडाले. "कोरडं आहे गं! अगदी कोरडं!" डोळे पुसत ते बाबलकडे वळले. "लेका, तुला किल्ल्यावर धाडलं तर हिच्याशी वाद घालायला मी एकटाच उरेन. नको रे बाबा! तू लाँचवरच राहा. आणि यंदा नारळीपौर्णिमेचा मानाचा नारळ तुम्हा दोघांच्या हातून समुद्रात जाईल!"

राणीसाहेबांनी ट्रंक उघडली. आवडीच्या अंगावर जरीकाठी लुगडं पडलं आणि लेकीच्या पायांत चांदीचे वाळे!