डाळिंबीशेजारचा पांढरा चौकोन

ही गोष्ट ज्या गावची, त्याचं नाव काही केल्या आठवत नाही. गाव नदीच्या वळणावर होतं एवढं नक्की. नदी डाव्या हाताला होती की उजव्या, याची खात्री देता येणार नाही. गोष्ट ऐकली तेव्हा सांगणारा फार लहान होता, आणि लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत माणूस पुढे नकळत पदरचं घालत जातो. म्हणून जेवढं पक्कं आठवतं तेवढंच सांगितलेलं बरं.

तर अशा त्या गावात घरोघरी गोधड्या शिवल्या जात. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, फाटकी मुंडाशी, काही म्हणून वाया जात नसे. एखादी बाई वारली की वर्षाच्या आत तिचं लुगडं कुणाच्या तरी गोधडीत जाई, आणि घरचे म्हणत, "आता ती उबेला गेली."

दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेनंतर गावात रंगाची पैज लागे. नऊ बायका देवळाच्या ओट्यावर बसत. मधे तोंडावर फडकं टाकलेलं एक मडकं, आत नऊ रंगांच्या सुताच्या गुंड्या. ज्या बाईच्या हाताला जो रंग येईल, त्याच एका रंगाचा दोन हात लांब, दोन हात रुंद चौकोन तिने रथसप्तमीपर्यंत शिवायचा. मग नऊ चौकोन जोडून एक मोठी वाकळ व्हायची आणि रथसप्तमीच्या पहाटे ती नदीकाठच्या कातळावर सूर्यासाठी अंथरायची. नंतर वर्षभर ती गावची. बाळंतीण असो, तापाने फणफणलेलं पोर असो, ज्याला गरज त्याच्या अंगावर ती जाई.

नियम दोनच होते. कापड कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं हवं, आणि प्रत्येकीने आपला चौकोन आपणच शिवायचा. ज्या चौकोनाची शिवण सगळ्यांत देखणी, त्याला मधली जागा. गावात याहून मोठा मान नव्हता.

मागची तीन वर्षं मधली जागा येसूची होती. तिशी उलटलेली, एकटी राहणारी, हाताने वेगवान आणि मनाने हळवी अशी ही बाई. तिचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा जाई.

त्या वर्षी मडक्यात पहिला हात ठकूबाईने घातला. पिवळी गुंडी निघाली.

"पिवळा!" ठकूबाई म्हणाली. "एका कोपऱ्याला तर नवऱ्याचे दातच पुरतील माझ्या."

"मग चारही कोपरे होतील की," मडकं सांभाळणारी कारभारीण म्हणाली, "बत्तिशी आहे ना अजून शाबूत?"

ओटा हसला. अंबूआत्याच्या हाताला पांढरी गुंडी आली. अंबूआत्या गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. डोळ्यांत सायीसारखा पडदा आलेला. पांढरा म्हणताच बायका चुकचुकल्या. पांढऱ्यात काय दाखवणार? आणि हिला दिसतंय तरी काय?

येसूला डाळिंबी आला. गुंडी दिसताच तिचा हात मडक्याच्या तोंडाशीच थबकला.

साऱ्या गावात डाळिंबी रंगाचं जुनं कापड एकच होतं: तिच्या आईचं लुगडं. आईला जाऊन सात वर्षं झाली होती. वर्षाच्या आत जे गोधडीत जायचं, ते येसूने पेटीच्या तळाशी दडवून ठेवलं होतं. अधूनमधून पेटी उघडून ती त्यात तोंड खुपसून बसे.

अंबूआत्या आईची मैत्रीण. रोज सकाळी येसू तिच्याकडे जाऊन वीस सुया ओवून देई. आत्याला नेढं दिसत नसे, पुढचं सगळं ती बोटांनी करी. दुसऱ्या दिवशी सुया ओवता ओवता आत्याने विचारलं, "तुझ्या आईचं डाळिंबी लुगडं होतं की गं. तेच लाव."

"कसर लागली त्याला, आत्या," येसू म्हणाली. "पार चाळण झाली."

"असं होय," आत्या म्हणाली आणि चाचपत पुढची सुई शोधू लागली.

येसूने बाजारातून कोरं कापड आणलं आणि मागच्या खोलीत मंजिष्ठेच्या मुळ्या उकळल्या. रंग पक्का बसायला तुरटीच्या पाण्यात कापड आठ दिवस मुरायला हवं होतं. पण कुणी डोकावलं तर काय, या धास्तीने तिने ते दोनच दिवसांत काढलं. मग दगडावर बडवून, उन्हात विटवून जुनं केलं. एवढं करूनही मन खाऊ लागलं, तेव्हा ते अंगाला गुंडाळून नऊ दिवस ती घरातल्या घरात वावरली. 'अंगावरून उतरलेलंच आहे की आता,' ती स्वतःला म्हणाली. आणि शिवायला बसली.

चौकोन असा झाला, की जोडणीच्या दिवशी कारभारणीने तो उचलताच सगळ्या पुढे वाकून बघू लागल्या. पिकून उललेल्या डाळिंबासारखा तो रंग, आणि त्यावर दाण्यादाण्याएवढी शिवण. मधली जागा कुणाची, हे विचारायचीही गरज पडली नाही.

"आणि त्याच्या शेजारी पांढरा लावा," ठकूबाई म्हणाली. "डाळिंबी कसा उठून दिसेल!"

अंबूआत्याचा चौकोन त्यासाठीच तिथे गेला. पांढऱ्यावर पांढरा दोरा. कोऱ्या कागदाकडे पाहावं तसं बायकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे सरकल्या.

रथसप्तमीला उजाडायच्या आधीच सगळं गाव कातळावर जमलं. वाकळ अंथरली. रीतीप्रमाणे कारभारणीने आंब्याच्या डहाळीने तिच्यावर नदीचं पाणी शिंपडलं. सूर्याने यावं आणि आपल्या हाताने ती वाळवावी, म्हणून.

मग डोंगराच्या कडेवरून ऊन आलं. अगदी तिरपं, कातळाला घासून येणारं. पिवळा पेटला, हिरवा पेटला, डाळिंबी तर धगधगला. लोक हात जोडून उभे राहिले.

आणि एक पोरगी ओरडली, "आई, पांढऱ्यात बघ! पांढऱ्यात आपलं गाव आहे!"

गाव होतं. तिरप्या उन्हात पांढऱ्या दोऱ्याच्या एकेका टाक्याची केसाएवढी सावली पडली होती, आणि त्या सावल्यांतून नदीचं वळण उगवलं. देऊळ उगवलं, ओटा उगवला, ओट्यावरचं मडकंसुद्धा. घरं एकामागून एक अशी वर येत गेली, जणू धुकं कुणीतरी हलकेच गुंडाळून घेत होतं. लोक आपापली घरं शोधू लागले आणि सापडताच एकमेकांना बोटाने दाखवू लागले. ठकूबाईने तोंडाला पदर लावला.

येसूने आपलं घर शोधलं. ते होतं, डाळिंबीच्या अगदी लगतच्या कडेला. दारात एक बाई बसली होती, मान किंचित डावीकडे कललेली. ती मान येसूने हजार माणसांतून ओळखली असती. रोज सकाळी आपण ओवून दिलेल्या वीस सुया अशा आपल्याच आईपर्यंत जात होत्या, आणि आपल्याला पत्ता नव्हता!

तेवढ्यात तिला दिसलं. डाळिंबीच्या कडेवरून ओल पांढऱ्यात उतरत होती, आणि ओलीबरोबर रंगही. बोटभर लाली आत सरकली होती, आईच्या घराच्या कुंपणापर्यंत.

अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. डाळिंबीच्या खालचा चौकोन केशरी होता; उद्या डाग दिसला असता तर त्याच्यावरही ढकलता आला असता. गप्प राहिलं तर मधली जागा राहणार होती, नाव राहणार होतं. मात्र ऊन वर येऊन वाकळ वाळेपर्यंत पांढरं गाव लाल झालं असतं.

येसू धावली. गुडघे टेकून तिने डाळिंबीची शिवण दातात धरली आणि तोडली.

"अगं येडे! काय करतेस!" ठकूबाई किंचाळली. "मधला चौकोन आहे तो! तुझाच आहे!"

"कोरा आहे तो," येसू म्हणाली. तोंडात दोरा होता, डोळ्यांत पाणी. "कुणाच्या अंगावरचा नाही. मी रंगवलाय. मी खोटं बोलले."

चारही बाजू तोडून तिने तो चौकोन ओढून काढला. वाकळीच्या मधोमध भोक पडलं आणि त्यातून काळा कातळ दिसू लागला.

अंबूआत्याला कुणीतरी हाताला धरून पुढे आणलं. तिने पांढऱ्याची कड चाचपली, ओली बोटं नाकाशी नेली.

"मंजिष्ठा," ती म्हणाली. "तुरटी मुरली नाही. पोरी, जुनंच का घ्यायचं ते ठाऊक आहे? जुन्याचा रंग जायचा तेवढा आधीच गेलेला असतो. उरतो तो शेजाऱ्याला लागत नाही." मग म्हणाली, "जा. ते कसर लागलेलं लुगडं घेऊन ये."

येसूने वर पाहिलं. आत्याच्या पांढऱ्या डोळ्यांत राग नव्हता. कसरीचं खोटं आत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

भोक पडलेली वाकळ उन्हातून उचलायची नाही, आणि सूर्य मावळल्यावर कातळावर ठेवायची नाही, अशी रीत होती. हातात एक दिवस होता. येसूने लुगडं आणलं. दोनदा तिने त्याला कात्री लावली आणि दोनदा मागे घेतली.

"मी कापू का?" ठकूबाईने हळूच विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "ते तिचं तिनेच."

कात्री चालली. निऱ्यांच्या आतल्या बाजूला येसूला एक रफू दिसलं, बारीक, दाट, आईच्या हाताचं. सात वर्षं तोंड खुपसून बसली, पण लुगडं कधी उलगडलंच नव्हतं, म्हणून ते तिला दिसलं नव्हतं. तिने तो भाग वरच्या थरात घेतला.

मग ती शिवत राहिली. कुणी टाका घातला नाही, कारण नियम होता. पण आठही बायका तिच्याभोवती बसल्या आणि तिला सुया ओवून देऊ लागल्या. एक संपली की दुसरी हातात. अंबूआत्याला ओवता येईना, म्हणून ती दोरा तोडून देत होती. कुणी जेवायला उठलं नाही. ऊन माथ्यावर आलं, पांढऱ्यातलं गाव मावळलं. ऊन कललं तसं ते दुसऱ्या बाजूने पुन्हा उगवलं, आणि आता सगळ्या सावल्या उलट पडल्या होत्या. येसूने मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला तेव्हा शेवटचा टाका पडला. टाके लांब होते, रांग वाकडी होती. तिच्या हातून इतकं ओबडधोबड कधी काही झालं नव्हतं. तरी कारभारीण म्हणाली, "लागलाय. आता उचला."

त्यानंतर येसूने मडक्यात पुन्हा हात घातला नाही. नियम मोडणारीला तो घालता येत नसे. पण दरवर्षी पैज लागली की ती नऊही घरी जाई आणि सुया ओवून देई, आणि गाव तिला त्या कामाचा मान देई.

तात्पर्य म्हणून एकच सांगावंसं वाटतं, तेही चुकत असेल तर जाणत्यांनी सुधारून घ्यावं: जे फार जपलं आहे, ते द्यायची वेळ आली तर तेच द्यावं; त्याच्या नावाखाली दुसरं काही पुढे केलं, तर त्याचा डाग आधी शेजारच्याला लागतो.

राहता राहिला तो डाग. तो कुणी धुतला नाही, असं लहानपणी ऐकलं होतं, आणि हे आपलंच पदरचं असावं असं सांगणाऱ्याला कित्येक वर्षं वाटत राहिलं. म्हातारपणी दूर दुसऱ्याच गावी ती वाकळ पाहायचा योग आला. विरली आहे, पण आहे. मधला डाळिंबी चौकोन वाकड्या टाक्यांचा आहे, आणि शेजारच्या पांढऱ्याच्या कडेला बोटभर लाली आहे. तिथे डोळे मिटून हात फिरवला. येसूच्या आईच्या दारासमोर, नेमक्या त्या लालीवर, मागाहून घातलेले पांढरे टाके बोटांना लागतात: खाली बसलेली एक बाई, हातात सुई, आणि ती दोरा ओवते आहे.