संगत

“...मग ‘संगत’ या शब्दाचा अर्थ तरी त्या हरबाला कळतो का, बुवा?”

विश्वंभरचा आवाज चढला होता. आदल्या दिवशी भर कीर्तनात हरबा गुरवानं पखवाज खाली ठेवला आणि उठून चालता झाला. उरलेलं कीर्तन विश्वंभरला नुसत्या टाळांवर कसंबसं ओढून न्यावं लागलं. ते त्याच्या मनात अजून खदखदत होतं.

केदारबुवा त्याचे गुरू. वय झालेलं, गुडघे धरलेले. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

“नदीवर निघालोय. वाटेत सांग.”

मठ टेकडीवर होता. उताराची वाट, एका अंगाला खोल दरी.

“शब्द मुळात संस्कृत,” विश्वंभर सांगू लागला. “सम् म्हणजे एकत्र. गम् म्हणजे जाणं. एकत्र गेलेलं ते संगत. त्यावरून मग सोबत आली, मैत्री आली. जुळणारं ते सुसंगत. आणि गाणाऱ्याला वाद्याची साथ, तीही संगतच. एवढे अर्थ, आणि या गृहस्थाला एकही...”

बोलण्याच्या भरात पाय झपाझप पडत होते. नदीचं पाणी दिसलं तेव्हा तो थांबला.

“बरोबर ना, बुवा?”

...

त्यानं वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

“बुवा...”

तो तसाच वर धावत सुटला. मधल्या वळणावर दरीच्या कडेला एक वहाण पडली होती. बुवांची. त्याला खाली डोकावायचं होतं, पण मान वळेना.

तेवढ्यात मागच्या खडकाआडून खोकल्याचा आवाज आला.

बुवा सावलीत बसले होते. एक पाय अनवाणी. गुडघा चोळत होते.

विश्वंभर मटकन खालीच बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

“वहाण निसटली,” बुवा म्हणाले. “वाकता येईना. हाका मारल्या. तू बोलत होतास.”

विश्वंभरनं वहाण आणून त्यांच्या पायात घातली. हात तिथंच राहिले.

“काल हरबा मान हलवून सारखा खुणावत होता,” तो हळूच म्हणाला. “लय जरा उतरवा म्हणून. त्याचे हात भरून आले होते... मला दिसत होतं, बुवा.”



बोलून टाकल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं डोळे पुसले.

“मग आता पुढं काय करू?”

बुवांनी उठण्यासाठी हात पुढे केला.

“पुढं नको,” ते म्हणाले. “शेजारून चाल.”