करंजवाडीच्या पाच पायऱ्या

फार फार पूर्वी, चेंडू चिंध्यांचा असायचा आणि राजघराण्यातले लोकसुद्धा अनवाणी खेळायचे, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे करावे आणि घरी जाताना हळूच बरोबर न्यावी.

एका राज्यात पायचेंडूचे भारी वेड होते. नऊ गडी इकडे, नऊ गडी तिकडे. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवायचे, त्यांना म्हणायचे वेस. समोरच्यांच्या वेशीतून चेंडू पार गेला की एक डाव झाला. मध्येच बाजू बदलायची रीत तेव्हा नव्हती. ज्याचे मैदान, त्याने आपल्या पणजोबाने धरलेली वेस धरायची आणि शेवटपर्यंत तीच राखायची.

या राज्याच्या एका कोपऱ्यात करंजवाडी नावाची वाडी होती. माणसे दोनशे साठ, तीही पाळण्यातली धरून. वाडीचे मैदान होते टेकडीच्या पाठीवर, आणि ते उजवीकडे चांगलेच कलते होते. चेंडू सरळ मारला की तो लाजल्यासारखा उजवीकडे वळायचा आणि थेट करवंदीच्या जाळीत जाऊन बसायचा. म्हणून वाडीतला प्रत्येक बाप पोराला पहिला धडा द्यायचा तो असा: "वेशीवर नेम धरू नगंस. वेशीच्या डाव्या अंगाला चार हात धर. फुडचं टेकडी बघंल."

आणि टेकडी खरोखरच बघायची. पाहुण्या संघाचे गडी दिवसभर करवंदीत हात घालून चेंडू काढत बसायचे आणि संध्याकाळी हरून, ओरबाडून घरी जायचे. टेकडी हा आपला दहावा गडी आहे, असे वाडीकर छाती फुगवून सांगत.

परगावी मात्र वाडी हटकून हरायची. त्याचे कारण सगळ्यांना पाठ होते. परगावचे पाणी बाधते! त्यामुळे खेळायला निघाले की नऊ गडी आणि टेकडीवरच्या झऱ्याच्या पाण्याची नऊ मडकी अशी वरात निघायची. तरी हरले, तर वाटेत मडकी तापली असणार. आपल्या चुकीला माणूस किती प्रेमाने पाणी घालतो, ते करंजवाडीला जाऊन पाहावे.

एके वर्षी दवंडी आली. राजनगरीच्या गड्यांचे पाय टेकड्यांवर मुरगळू लागले होते, म्हणून राजाने हुकूम काढला. दसऱ्याच्या आत प्रत्येक गावाने सपाट मैदान करावे आणि लोकांना बसायला दगडी पायऱ्या बांधाव्यात. त्या मैदानावर हंगामात चार सामने होतील. चारही हरणाऱ्या गावाचा झेंडा दरबारातून उतरवला जाईल आणि त्याचे गडी राजनगरीच्या संघात सामील होतील. सामील होतील म्हणजे काय, हे शेजारच्या गावाला विचारावे. त्यांचे गडी असल्याच एका जुन्या हुकुमाने तिथे गेले होते आणि गेली तीन वर्षे घागरी वाहत होते.

चावडीवर सभा भरली. म्हाताऱ्यांतले आबा म्हणाले, "राजाला काय कळतंय? टेकडी सोडायची न्हाई." पाटलांचे डोळे मात्र चमकले होते. ते म्हणाले, "बांधायचंच हाय तर राजनगरीसारखं बांधू. शंभर पायऱ्या! बघणाऱ्याची टोपी पडली पायजे."

कोपऱ्यातून गेणू लोहार उठला. ऐन उमेदीत तो वाडीचा सर्वांत चपळ गडी होता. आता केस पिकले होते, तरी वाडीच्या नऊ गड्यांना खेळ तोच शिकवत होता. एरवी भात्यासमोर बसून तो दिवसात दहा शब्द बोलला तरी खूप. त्या दिवशी त्याने महिन्याभराचे शब्द एकदम खर्च केले.

"पाटील, शंभर पायऱ्यांवर बसवायचं कुणाला? मेंढरं बसवायची का? आणि आबा, टेकडीवर आपण जिंकतो खरं, पण बघतंय कोण? निम्मी वाडी तर वर चढूच शकत न्हाई. ओढ्याकाठी तीन चिंचा हायत, तिथली जागा सपाट करू. पायऱ्या पाच. समदी वाडी खेटून बसली म्हणजे झालं."

"आन् न्हाई लाभलं नवं मैदान, तर?" म्हाताऱ्यांनी विचारले.

गेणूच्या तोंडून शब्द निसटून गेला, "तर जल्मात चेंडूचं नाव घेणार न्हाई. आणि घागरी वाहायला सगळ्यांच्या आधी मी जाईन."

पाच पायऱ्या बांधायला पावसाळ्याआधीचे दोन महिने लागले. ज्याला जसा जमेल तसा त्याने दगड आणला. पाटलांनी सर्वांत मोठा आणला आणि तो दर्शनी भागात बसवून घेतला. एवढे करून पहिल्या पायरीवर पहिल्यांदा बसायचा मान मिळाला तो ठकू कुंभारणीला.

ठकू लहानपणी मातीच्या खाणीत पडली होती. तेव्हापासून तिचा डावा पाय अधू होता. चाळीस वर्षांत तिने टेकडीवरचा एकही सामना पाहिला नव्हता. खालून आरोळ्या ऐकायच्या आणि कोण जिंकले याचा अंदाज बांधायचा, एवढाच तिचा खेळ. परगावच्या सामन्यांसाठी लागणारी मडकी मात्र तीच घडवायची. ओढ्याकाठची वाट सपाट होती. काठी टेकत ती आली, पहिल्या पायरीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "इतकं जवळनं दिसतंय गं बाई," एवढेच ती म्हणाली.

पण पहिला सामना वाडी हरली.

दुसराही हरली. चेंडू वेशीपर्यंत जायचा आणि बाहेरच्या बाहेर निघून जायचा. वाडीचा सर्वांत जोरकस गडी भागोजी, त्याने तर चिंचेवरची पाखरे उडवली. म्हातारे एकमेकांकडे पाहून माना हलवू लागले. "ओढ्याचं पाणी बाधलं," असा निकाल लागला. मग गेणू स्वतः टेकडीवर चढला आणि झऱ्याच्या पाण्याची नऊ मडकी खाली घेऊन आला. गड्यांनी ती पोटभर रिकामी केली आणि जड पोटाने तिसरा सामनाही हरले.

त्या संध्याकाळी गेणू नव्या पायऱ्यांवर एकटाच बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. पोरांनी टेकडीवर कमावलेले नाव आपण ओढ्यात बुडवले, असे त्याला वाटत होते. एकच सामना उरला होता, आणि तो होता राजनगरीशी.

"गेणूदादा, जरा हिकडं ये," मागून हाक आली. ठकू अजून गेली नव्हती. तिच्या पायाशी खापराच्या तुकड्यांचे दोन ढीग होते. एकात एकोणीस तुकडे, दुसऱ्यात एकच.

"हे काय गं?"

"आज आपल्या पोरांचे जेवढे चेंडू वेशीच्या बाहेर गेले, तेवढी खापरं. डावीकडनं गेला की डाव्या ढिगात, उजवीकडनं गेला की उजव्या."

गेणूने ढिगांकडे पाहिले. एकोणीस डावीकडे!

"माझं चाक कलतं बसलं की मडकं एका अंगाला जातं," ठकू म्हणाली. "मग मी हातानं दुसऱ्या अंगाला दाबत राहते. सवय होते दादा. पुढं चाक कुणी नीट बसवून दिलं, तरी हात दाबतच राहतो आणि चांगलं मडकं वाकडं होतं. तुमची पोरं डावीकडं मारत्यात, कारण टेकडी त्यांना उजवीकडं आणायची. हितं टेकडी कुठं हाय?"

गेणू ताडकन उभा राहिला, पुन्हा बसला, आणि पायरीवर थापा मारत हसत सुटला. "म्हणजे परगावी पण? अगं, म्हणजे इतकी वर्सं आपण मडकी उगाच वाहिली?"

"उगाच कशी? माझी खपली की," ठकू म्हणाली. "पर पाण्यात काय न्हाई बाबा. खरं ते खरं."

पुढचे आठ दिवस गेणूने गड्यांकडून एकच गोष्ट करून घेतली. वेशीवर नेम धरायचा आणि वेशीवरच मारायचे. सरावात त्यांना ते जमू लागले. पण पणजोबापासून पायात मुरलेली गोष्ट आठ दिवसांत कशी निघणार?

सामन्याच्या दिवशी राजनगरीचा संघ वाजतगाजत आला. त्यांचा म्होरक्या उंच, गोरा, गळ्यात मोत्यांचा कंठा. पाच पायऱ्या पाहून त्याला हसू आवरेना. "हे मैदान की पाणवठा?" त्याने विचारले. मैदानातले नऊ गडी सोडून अख्खी वाडी त्या पाच पायऱ्यांवर अशी खेटून बसली होती, की एकाला शिंक आली तर रांग हलावी.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात राजनगरीने एक डाव चढवला. करंजवाडीचे गडी गांगरले. गांगरले की माणूस जुन्या सवयीला जाऊन बिलगतो. भागोजीचा पहिला चेंडू डावीकडून गेला. दुसराही डावीकडूनच. सूर्य चिंचांच्या मागे कलला, तरी वाडीच्या नावावर एक डाव नव्हता. गेणूला डोळ्यांसमोर नऊ घागरी दिसू लागल्या. दहावी त्याची स्वतःची होती.

भागोजीकडे पुन्हा चेंडू आला. त्याने पाय मागे घेतला. पहिल्या पायरीवरून ठकूला त्याचे पाऊल दिसले, आणि ते डावीकडे वळतानाही दिसले. ती काठीवर जोर देऊन उभी राहिली आणि ओरडली, "भागोजी! टेकडी न्हाई रं!"

भागोजी थबकला. हाक त्याला जणू कानाशी बसून मारल्यासारखी लख्ख ऐकू आली. त्याने पाऊल सरळ केले आणि मारले. चेंडू बांबूला घासून गेला, पण बाहेरच.

तेवढे पुरे होते. दुसऱ्या पायरीने हाक उचलली, मग तिसरीने, मग सगळ्या वाडीने. वाडीचा गडी चेंडूला पाय लावायला गेला की पाचही पायऱ्या एका सुरात गर्जायच्या, "टेकडी न्हाई! टेकडी न्हाई!" पाटलांचा आवाज सर्वांत मोठा होता. राजनगरीच्या म्होरक्याला वाटले, हा काहीतरी मंत्र आहे. तो घाबरून गळ्यातला कंठा चाचपू लागला.

आणि शेवटच्या घटकेला भागोजीने मारलेला चेंडू सरळ गेला. नाकासमोर, दोन बांबूंच्या बरोबर मधून!

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. वाडीकर मात्र असे नाचले, की चिंचेची पाने गळाली. म्हातारे आबा गेणूला मिठी मारून रडले.

"अहो, बरोबरी झाली आहे," म्होरक्या चक्रावून म्हणाला. "नाचता कसले?"

"हरलो न्हाई ना!" गेणू म्हणाला. "झेंडा ऱ्हायला आमचा."

पाणी पिता पिता म्होरक्याने विचारले, "त्या बाईंचा आवाज तुमच्या गड्याला ऐकू कसा गेला? आमच्याकडे शंभर पायऱ्यांवर दहा हजार माणसे ओरडतात. आम्हाला नुसता गोंगाट ऐकू येतो. कोण शहाणपणाचे बोलते आणि कोण शिव्या देते, काही कळत नाही." गेणूने पाच पायऱ्यांकडे बोट केले आणि म्होरक्याच्या भांड्यात आणखी पाणी ओतले. ते ओढ्याचेच होते.

पुढच्या हंगामात आणखी एक नवल झाले. सपाट मैदानावर सरळ मारायला शिकलेली करंजवाडी परगावीही जिंकू लागली, आणि तीही मडक्यांवाचून. "माझंच नुकसान झालं," ठकू सगळ्यांना हसत हसत सांगायची, पण एकाही सामन्याला तिची जागा रिकामी राहिली नाही.

विजय पाहून पाटलांना पुन्हा शंभर पायऱ्यांची स्वप्ने पडू लागली. गेणूने वाद घातला नाही. "शंभरावी पायरी जिथं येईल तिथं उभं राहून बघा," एवढेच तो म्हणाला. पाटील पार ओढ्यापलीकडे जाऊन उभे राहिले. ठकू मैदानावरून ओरडली, हात हलवले, काठीसुद्धा नाचवली. पाटलांना ती पिकातल्या बुजगावण्याएवढी दिसली, आणि ऐकू आला तो फक्त बेडकांचा आवाज. ते मुकाट्याने परत आले. त्या वर्षी वाडीत अकरा बाळे जन्मली होती, त्यांच्यासाठी एक पायरी वाढवायचे ठरले. सहाव्या पायरीचा दगडही पाटलांनीच आणला.

आजही करंजवाडीत कुणी जुन्या सवयीने वाकडे पाऊल टाकू लागला, की शेजारचा त्याच्या कानाशी हळूच म्हणतो, "टेकडी न्हाई रं!"

तात्पर्य: नवे अंगण लाभते ते त्याच्या थोरपणाने नव्हे, आपली चूक दाखवणाऱ्या आपल्या माणसाची हाक तिथे ऐकू आली, की ते लाभते.