नऊ लाख पॉइंटांचा भाव

टेंभूरगडच्या त्रिविक्रम महाराजांचे नऊ लाख विमान-पॉइंट येत्या अमावास्येला सूर्यास्ताबरोबर बाद होणार होते, आणि सगळ्या दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं होतं!

महाराजांना फिरण्याची भारी हौस. दर फेरीमागे विमान कंपनी पॉइंट द्यायची. ते मोडले की फुकट तिकीट मिळे, नाहीतर कंपनीच्या यादीतली एखादी वस्तू. पण बारा वर्षांत महाराजांनी एक पॉइंट मोडला असेल तर शपथ! 'याहून चांगला सौदा मिळेल' म्हणत ते खुडूक कोंबडीसारखे पॉइंटांवर बसून राहिले. शेवटी कंपनीनेच मुदत लावली.

दिवाण बापूजीपंत यादी घेऊन महाराजांना शोधत निघाले. महाराज सापडले विमानतळाच्या कुंपणाशी, गिरजाच्या चहाच्या टपरीवर.

"महाराज, नऊ लाखांत शंभर प्रेशर कुकर येतात!"

"मी राजा आहे, बापूजीपंत. भांड्यांचं दुकान नाही काढलेलं!"

"मग समुद्रापार एखादी फेरी?"

"कंबर धरलीय. मी हलणार नाही."

"मग एखाद्या सरदाराला पाठवू?"

"माझ्या राज्यातला एकही माणूस माझ्या पॉइंटांवर फुकट उडणार नाही! वस्तू नको, मी हलणार नाही, आणि पॉइंटामागे दहा रुपयांच्या खाली भाव चालणार नाही!"

चहा गाळता गाळता गिरजाला हसू फुटलं.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाई, महाराज. खायचं न्हाई, नेसायचं न्हाई, कुणाला द्यायचं न्हाई, आन् भाव तेवढा भारी पायजे! असलं गिऱ्हाईक आलं, तर मी नुसतं पाणी पाजून वाटेला लावते."

दिवाणांना ठसका लागला. महाराजांचे कान लालबुंद झाले.

"मग तूच मोडून दाखव! सात दिवस देतो. जमलं तर मागशील ते मिळेल. नाही जमलं, तर ही टपरी उचलायची!"

 नवऱ्यामागे पत्र्याला पत्रा जोडून गिरजाने ही टपरी उभी केली होती, आणि घरची पाच तोंडं हिच्यावरच जेवत होती. पण बोललेला शब्द गिळणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"करते. पर अटी ह्याच. मागनं नवी अट काढायची न्हाई!"

"नाही काढणार!"

आता गिरजाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. राजवाड्यात चार आचारी असताना महाराज रोज संध्याकाळी इथे यायचे, ते काही तिच्या आल्याच्या चहासाठी नव्हे. मोतीबेटाचं विमान त्याच वेळेला उतरायचं. महाराज वैमानिकाला गाठून विचारायचे, "तिकडे वारा कसा आहे?" आणि उत्तर ऐकून राजवाड्याकडे वळायचे.

मोतीबेटाच्या राज्यात त्यांची लेक इंदुमती दिलेली. सहा वर्षांपूर्वी लग्नानंतरच्या विमानप्रवासात जावई खिडकीच्या जागेवर बसला, आणि सासऱ्याने तीनदा खाकरूनही उठला नाही! झालं! तेव्हापासून बोलावणं बंद, आणि तिकिटाला एक पैसाही देणार नाही, अशी शपथ. नात पाच वर्षांची झाली, पण आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. एवढा मोठा राजा, पण हट्टापुढे बिचारा झाला होता.

त्याच रात्री गिरजाने नऊच्या नऊ लाख पॉइंट मोडून तिकिटं काढली आणि वैमानिकाच्या हाती मोतीबेटाला धाडली.

अमावास्या उजाडली. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, दिवाणांना घेऊन महाराज टपरीवर हजर!

"काय गं, कुठे गेले माझे पॉइंट?"

"ते काय, उतरायलेत!"

विमानाच्या शिडीवरून इंदुमती उतरत होती. तिच्या हातातून सुटून एक चिमुरडी कुंपणाच्या फाटकातून धावत आली आणि बाकावर बसलेल्या महाराजांच्या थेट मांडीवर चढली.

"आजोबा, खिडकीसाठी भांडले ते तुम्हीच का?"

 महाराजांनी नातीला छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले.

दिवाण मात्र हिशेबाचा माणूस. ते गरजले, "अट मोडली! पॉइंटांवर माणसं उडाली!"

"राज्यातली माणसं उडायची न्हाईत, असं ठरलं व्हतं. लेक दिली की ती त्या राज्याची, हे महाराजच म्हणतात न्हवं?"

"आणि भाव? दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं बाजारात चार लाख! पॉइंटाला पन्नास पैसेसुद्धा पडले नाहीत! उचल टपरी!"

"व्हय की!" गिरजाने कपाळाला हात लावला. "तोट्यातच गेला म्हणायचा सौदा. पर परतीचं तिकीट ह्याच विमानाचं हाय, आन् शिडी अजून काढलेली न्हाई. दिवाणजी, पॉइंटाला रुपया धरून महाराजांना नऊ लाख मोजा आन् पोरीला माघारी बसवा."

"नाही!" महाराज ओरडले.

"मग वीस लाख घ्या?"

"बापूजीपंत, तिजोरीला हात लावाल तर याद राखा!"

"नव्वद लाख? पॉइंटाला बरोब्बर धा रुपये पडत्यात!"

"नव्वद कोटी दिलेत तरी ही माझ्या मांडीवरून उठणार नाही!"

"ऐकलं का, दिवाणजी? भाव मी न्हाई लावला. मालकानंच लावला!"

महाराज असे खदाखदा हसले की धरलेली कंबरसुद्धा सुटली!

"पण महाराज," दिवाण काकुळतीला आले, "परतीची तिकिटं सूर्यास्ताला बाद होतील!"

"होऊ देत! जायचं तेव्हा मी रोख तिकीट काढीन! बोल गिरजे, काय हवं? विमानतळाच्या आत, संगमरवरी दुकान देऊ?"

"नगं, महाराज! आत चहा दीडशे रुपयाला विकावा लागतो, ते पाप मला पचायचं न्हाई. इथंच ऱ्हाऊ द्या. फक्त मला कुणी उठवायचं न्हाई!"

महाराज पुन्हा हसू लागले. हसता हसताच त्यांनी टपरीखालची जमीन गिरजाच्या नावावर लिहून दिली, आणि लेकीला शेजारी बसवून सगळ्यांसाठी चहा मागवला.