कळकवाल्या आवडीचा शिमगा

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि गावात खोताला विचारल्याशिवाय कोंबडाही आरवत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना राग आला तर येऊ द्या. ती रागावूनच सांगायची असते, असं म्हणतात.

पालशेवडी गावच्या दाजी खोतानं मुंबईत गोदीचं काम आहे असं सांगून सतरा माणसं गलबतावर चढवली. गलबतानं ती जहाजाला दिली आणि जहाजानं नेली सातासमुद्रांपार, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यात. घरच्यांनी विचारलं, आमची माणसं कुठं? खोत म्हणाला, गलबत बुडालं. झालं! गावानं सतरा जणांचे दिवस घातले. पण पिंडाला कावळा शिवेना. सकाळ सरली, दुपार कलली, एक कावळा फिरकला नाही. शहाण्यानं तिथंच ओळखायचं. पण खोत म्हणाला, "दर्भाचा कावळा करा नि शिववा. ऊन किती झालंय!" आणि गवताच्या कावळ्यानं सतरा जिवंत माणसं मारली.

त्या सतरांत एकच बाई होती, आवडी. नवरा वारल्यावर भावाकडे राहायची.

बेटावर आफ्रिकेतून आणलेली माणसं होती. गोऱ्यांनी त्यांचे ढोल काढून घेतले, तेव्हा ती पोकळ कळक, म्हणजे जाड बांबू, उभा धरून जमिनीवर आपटायला लागली. त्या वाजवण्याची कीर्ती मोठी. त्यानं ताप उतरतो, अंगात वारं येतं, मेलेला उठून बसतो, असं खलाशी म्हणत. आवडीनं ते खरं मानलं. मग त्या सतरांतलाच धाकू तापानं गेला. दिवसभर कळक वाजले, पण धाकू काही उठला नाही. आवडी भडकली. वाजवणाऱ्या म्हातारीचं नाव मामा सेलेस. तिकडे बाईलाच मामा म्हणतात, त्याला आपण काय करणार! तिच्या हातातला कळक आवडीनं हिसकावला. "थोतांड हाय समदं! माजा माणूस उठला न्हाय!"

म्हातारीला भाषा कळली नाही, राग कळला. तिनं आवडीचे हात कळकावर धरले आणि कळक दाणकन आपटला. पुन्हा आपटला. पायाखालची जमीन धडधडली, आणि दूर बंगल्याच्या ओसरीवर झोपलेला गोरा ताडकन उठून उभा राहिला. म्हातारी हसली. उठवायचं कुणाला, ते आवडीला त्या दिवशी कळलं.

वीस वर्षांनी ती एकटी परतली. भाऊ रावजी दारात आला आणि तिला पाहून मागं सरला.

"तुजे दिवस घातल्यात आमी," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला घरात कसा घेऊ?"

"कावळा शिवला होता?"

रावजीनं दार लोटून घेतलं.

खोतानं दवंडी दिली, हडळ आलीय, तिला पाणी देऊ नका. आवडीनं गावावरून नजर फिरवली. बायका पांढऱ्या कपाळानं बसल्या होत्या, आणि त्यांचे नवरे तिकडे ऊस तोडत होते. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

शिमग्याचा दिवस होता. तिनं गावच्या कळकाच्या बनातला जाडजूड कळक तोडला आणि भर दुपारी खोताच्या अंगणात जाऊन आपटला. "भिकू जित्ता हाय!" पुन्हा आपटला. "तान्या जित्ता हाय!" अशी पंधरा नावं घेतली. धाकूचं मात्र तिनं खरं सांगितलं, तो मेला. आधी लोक हसले. मग विहिरीचं पाणी काठापर्यंत उसळलं, असं म्हणतात. खाडीपलीकडून कावळे आले आणि खोताच्या छपरावर इतके बसले की कौल दिसेना. खोतानं कानांत बोटं घातली, तर आवाज तळपायांतून चढला. तो झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसला, तर झोपाळ्याच्या कड्याच थरथरल्या. तीन दिवस आवडी थांबली नाही. तिसऱ्या दिवशी खोत धावत बाहेर आला आणि ओरडला, "बुडालं नव्हतं! गलबत बुडालं नव्हतं! मीच पाठवली माणसं!"

भिकूची बायको येसू गर्दीतून पुढं आली. तिनं खोताला हातही लावला नाही. तिनं दुसरा कळक उचलला आणि ती आवडीच्या शेजारी उभी राहिली. मग सगळ्या उभ्या राहिल्या. खोत त्याच संध्याकाळी खाडीपार गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

रावजी पाण्याचा तांब्या घेऊन आला. आवडी पाणी प्यायली, पण त्याच्या घरात ती पाऊल टाकेना. "आधी पंधरा जनांस्नी कागद धाडा," ती म्हणाली. कागद गेले. काही माणसं आली, काही आली नाहीत. पण न आलेल्यांच्या बायकांनी पुन्हा कुंकू लावलं, ते कायमचं.

पालशेवडीत आजही कुणी हरवलं तर दिवस घालत नाहीत. आवडीच्या नावानं कळक तोडतात आणि ज्याला जाब विचारायचा त्याच्या दाराशी जातात. परवाचीच गोष्ट घ्या. परदेशी बोटीवरचा एक खलाशी बेपत्ता झाला आणि बोटवाल्यांनी घरी कागद पाठवला, मयत समजावे. अख्खं गाव कळक घेऊन त्यांच्या कचेरीपुढं उभं राहिलं. साहेब बाहेर आला. खलाशाच्या आईनं कागद त्याच्यापुढं धरला.

"समजावे म्हंजे काय रे?" तिनं विचारलं, आणि कळक आपटला.