शमुवेलरावांची हरकत

"तमाशाच्या ढोलकीवाल्याला माझी दीना देणार नाही म्हणजे नाही," शमुवेलराव भिंगारदिवे भर चर्चमध्ये गरजले.

पाळकसाहेबांनी लग्न ठरलेल्या दीना आणि गिदोनची नावं सलग तिसऱ्या रविवारी पुकारली होती. रिवाजाप्रमाणे "कुणाची हरकत?" असं विचारलं, तर खुद्द मुलीचा बापच उभा राहिला. गिदोननं जत्रेतल्या तमाशात ढोलकी वाजवल्याचं त्यांना आदल्याच दिवशी कळलं होतं. दीना रडकुंडीला आली. बायकांच्या बाजूला मात्र पदराआड खुसखुस सुरू झाली, कारण गिदोनची आजी रिबकाबाई चष्मा पुसत उठली होती.

"व्याही, अडाणी बाईला एवढंच सांगा," ती म्हणाली. "देवानं तुम्हाला तारणासाठी, स्वर्गात न्यायला निवडलं, ते तुमचे गुण पाहून?"

हा शमुवेलरावांचा लाडका विषय. वर्षानुवर्षं याच्यावरच प्रवचनं झोडत आलेले. राग विसरून ते फुलले. "छे, छे. जग घडवण्याआधीच निवडलं. माझी काडीची लायकी नव्हती. निव्वळ कृपा."

"आणि लायकी पाहिली असती तर?"

"तर न्यायानं मी नरकातच गेलो असतो, रिबकाबाई."

"आमेन," मागून कुणीतरी जरा जास्तच मनापासून म्हणालं. पाळकसाहेबांनी हसू लपवायला पवित्र शास्त्र तोंडासमोर धरलं.

रिबकाबाईनं हात जोडले. "लायकी न बघता देवानं तुम्हाला स्वर्गात घेतलं, आणि माझ्या नातवाला तुमच्या घरात यायला लायकी लागते, तर तुमचं घर स्वर्गाहून सोवळं आहे का, व्याही?"