बांधावरच्या दोन भाकरी

एकदा एक शिष्य सकाळीच गुरुजींच्या शेतावर येऊन उभा राहिला. शब्दांची कुळं-मुळं शोधण्याचा त्याला भारी नाद. "गुरुजी, अतिक्रमण म्हणजे मुळात काय हो?"

गुरुजी नांगर हाकत होते. "अति म्हणजे पलीकडे, क्रमण म्हणजे पाऊल टाकणं. मर्यादेपलीकडे टाकलेलं पाऊल, बस्स. लोकांना वाटतं, एका झडपेत जागा बळकावणं. पण शब्दात आहे ते पाऊलच."

एवढं बोलून त्यांनी बैल वळवले, तेही बांधाच्या हातभर अलीकडेच. शिष्य चकित झाला. "अहो, एवढी चांगली काळी जमीन तशीच राहिली की!"

"राहू दे. ती यसबाची. धाकटा भाऊ माझा."

दुपारी गुरुजींनी शिदोरी सोडली. एक भाकर शिष्याला दिली, एक स्वतः घेतली आणि दोन बांधावर नेऊन ठेवल्या. पलीकडे विहिरीपाशी एक म्हातारा पाठमोरा बसून एकटाच जेवत होता.

गुरुजी म्हणाले, "या बांधावर एक बोरी होती. तिच्या सावलीत आम्ही दोघं एका फडक्यातलं जेवायचो. मी दर वर्षी नांगर वीतभर पलीकडे घालायचो. म्हटलं, वीतभरानं काय होतंय! बांध कोरत गेलो, बोरीची मुळं उघडी पडली आणि एका वावटळीत ती आडवी झाली. यसबा शब्दानं बोलला नाही रे. भाकर उचलली आणि विहिरीकडे गेला. पुढं मी त्याची जमीन मोजून परत केली, वर माझी हातभर सोडली. तो काही आला नाही. अकरा वर्षं झाली. जेवायला बसलो की फार आठवण येते त्याची."

शिष्यानं हातातली भाकर खाली ठेवली. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरात धाकट्याची खोली आहे. मी आधी एक फळी मागितली, मग कोपरा. आता माझ्या पुस्तकांनी ती भरलीय. तो ओसरीत झोपतो."

"भांडतो का तुझ्याशी?"

"रोज! नुसता डोकं खातो."

गुरुजींनी विहिरीकडे पाहिलं. "मग ऊठ, आजच जा," ते म्हणाले. "भांडतोय तोवर तो तुझ्याकडे तोंड करून आहे."